नोटीस वाचताना : आपले 'लागणे' आणि हिंदीचे 'लगना'

मोहगावात घरी मराठी अन् सरकारी कागद हिंदीत. आपण पांढुर्णा-सौंसरवाले दोन्ही बोलतो, तरी हे एक क्रियापद फसवते.

भूक लागते, मासोळी हाती लागते, डोंगा काठाला लागतो. इथवर हिंदीचे 'लगना' बरोबर चालते. पण 'पैसे भरावे लागतील' यात सक्ती आहे. हिंदीत तिथे 'पड़ना' येते : 'पैसे भरने पड़ेंगे'. 'वह पैसे भरने लगा' म्हणजे तो भरू लागला, नुसती सुरुवात. आपल्याकडे 'भरना लगता' असेही बोलतात. बोलण्यात चालून जाते, अर्जात लिहू नका.

आता नोटिशीतले शब्द. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. तेव्हा 'रोक लगी है' म्हणजे बंदी लागू आहे. 'रोक हटी' म्हणजे बंदी उठली. 'जुर्माना लगेगा' म्हणजे दंड बसेल. मराठीत दंड सहसा बसतो!

'दो फोटो लगेंगे' म्हणजे दोन फोटो लागतील, पण 'फोटो लगाइए' म्हणजे चिकटवा. 'संलग्न करें' म्हणजे सोबत जोडा. हाही शब्द संस्कृत 'लग्' धातूचाच, आणि आपले लग्नही त्यातलेच.