भ्रमणध्वनीवरील जुना मराठी ग्रंथ : पृष्ठ आणि पाठ

ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयाने आपले दुर्मिळ ग्रंथ संगणकीय रूपात वाचकांसाठी खुले केले. टेंभी नाक्यावर बसची वाट पाहणारा विद्यार्थी असा जुना ग्रंथ भ्रमणध्वनीवर उघडू शकतो. पण तो वाचू शकतो काय, हा प्रश्न उरतो.

जुने ग्रंथ बहुधा पृष्ठांच्या छायाप्रतींच्या रूपात मिळतात. छायाप्रतीतील ओळ पडद्याच्या रुंदीनुसार मोडत नाही. अक्षर मोठे केल्यास ओळ पडद्याबाहेर जाते. लहान ठेवल्यास जोडाक्षरे उकलत नाहीत. युनिकोडमधील प्रवाही पाठ हा त्यावरील उपाय होय.

तथापि या सोयीत एक धोका संभवतो. नव्याने अक्षरजुळणी करताना १९६२ च्या नियमांपूर्वीचे अनुच्चारित अनुस्वार गाळले, तर नपुंसकलिंगी एकवचनी 'तें' आणि पुल्लिंगी अनेकवचनी 'ते' यांतील लेखनभेद नष्ट होतो. मूळ पृष्ठांकही लोपतात आणि संदर्भ देणे अशक्य होते.

म्हणून मूळ लेखन राखणारा, पृष्ठांक नोंदवणारा आणि छायाप्रतीशी जोडलेला प्रवाही पाठच अभ्यासकाला ग्राह्य मानता येईल. सुवाच्यता आणि पाठनिष्ठा या परस्परविरोधी नाहीत.