झेंडा समोर, पाय गुलमोहराकडे

१०४ फटके, झाडीत हरवलेले पाच चेंडू, आणि अठरावा होल संपताच कोणाशी न बोलता गाडीकडे निघालेले एक गृहस्थ. पुण्यातल्या एका गोल्फ कोर्सवरची ही डिसेंबरातली सकाळ. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा खेळ धरला आणि जीव लावून खेळले. तरी चेंडू कधी उजवीकडच्या झाडीत, तर कधी डावीकडे भरकटलेला.

"खोट स्विंगमध्येच आहे, असं मी धरूनच चाललो होतो," ते सांगतात. दोन वर्षांत त्यांनी ग्रिप तीनदा बदलली, महागडा ड्रायव्हर घेतला, रोज शंभर-शंभर चेंडू मारून कोपर दुखावून घेतलं. त्या सकाळी त्यांना थांबवलं ते त्यांच्या कॅडीने. सरावाच्या जागेवर नेऊन त्याने त्यांना नेहमीसारखं उभं राहायला सांगितलं, बुटांच्या टोकांना लागून एक क्लब आडवा ठेवला आणि म्हणाला, "साहेब, आता मागं येऊन बघा. तुम्ही बघता झेंड्याकडं, पण पाय तुमचे त्या गुलमोहराकडं."

गुलमोहर झेंड्याच्या बराच उजवीकडे होता.

उजव्या हाताने खेळणाऱ्यांची ही फार नेहमीची चूक आहे. चेंडू आपल्यापासून हातभर पुढे असतो. त्यामुळे पावलं आणि खांदे झेंड्यावर रोखायचे नसतात, तर चेंडू-झेंडा या रेषेला समांतर, म्हणजे किंचित डावीकडे ठेवायचे असतात, रेल्वेच्या दोन रुळांसारखे. खांदेच झेंड्यावर रोखले की क्लबचं तोंड उजवीकडे जातं. खरी हानी पुढे होते. दिशा चुकलीय हे शरीराला कळतं आणि ते चेंडू ओढून डावीकडे आणायला शिकतं. नेम चुकीचा आणि त्याला सावरणारा स्विंगही चुकीचा. कधी दोन्ही चुका जुळतात, फटका सरळ जातो, आणि माणूस पुन्हा फसतो.

हिशेब साधा आहे. रोख एका अंशाने चुकला तर २०० मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला पडतो. पाच अंशांनी चुकला तर साडेसतरा मीटर. म्हणजे फेअरवे सोडून थेट झाडीत.

उपाय अमेरिकी गोल्फपटू जॅक निक्लॉस यांनी 'गोल्फ माय वे' (१९७४) या पुस्तकात सांगून ठेवला आहे. चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्याची रेषा पाहायची आणि त्या रेषेवर चेंडूपुढे काही फुटांवर एखादी खूण हेरायची: वाळकं पान, गवताचा वेगळा पुंजका. मग आधी क्लबचं तोंड त्या खुणेवर रोखायचं आणि पावलं त्यानंतर लावायची. हा क्रम उलटला की सगळं बिघडतं. दूरच्या झेंड्यापेक्षा चार पावलांवरचं पान डोळ्याला जास्त खरं दिसतं.

सरावात जमिनीवर दोन काठ्या समांतर ठेवाव्यात आणि मित्राला मागून फोनवर चित्रीकरण करायला सांगावं. पहिली चित्रफीत पाहून धक्का बसतो, पण तो घ्यायलाच हवा. मात्र सामन्यात पायाशी क्लब ठेवून फटका मारता येत नाही, आणि आपण उभे राहू लागलो की कॅडीने मागे रेषेत थांबायचं नसतं. कॅडीबद्दलचा हा नियम २०१९ मध्ये आला. त्याच वर्षी जानेवारीत दुबईच्या स्पर्धेत शेवटच्या होलवर हाओतोंग ली या चिनी खेळाडूला त्यापायी दोन फटक्यांचा दंड झाला आणि तो संयुक्त तिसऱ्यावरून संयुक्त बाराव्यावर घसरला. दंड कठोर होता. पुढच्याच महिन्यात नियमाचा खुलासाही करावा लागला. पण नेम खेळाडूने स्वतः धरायचा, हे त्यामागचं तत्त्व योग्यच आहे.

ग्रीनवर तर चुकीला जागाच नाही. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. तीन मीटरवरून रोख एका अंशाने चुकला तर चेंडूचा मध्य होलच्या कडेशी पोचतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक लांब फटक्यांत मागे असूनही चौथी आली, ती पटिंगच्या बळावर.

ते गृहस्थ आता रात्री जेवणं झाली की दिवाणखान्यात फरशीच्या सांध्यावर चेंडू ठेवतात, पटरचं तोंड सांध्याशी काटकोनात आहे का ते वाकून बघतात आणि मगच पावलं लावतात. सांधा सोडून चेंडू गेला, तर तो उचलून पुन्हा तिथेच ठेवतात.