दारूचा रोग कसा ओळखावा

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत दारूविषयीं उपदेश पुष्कळ होतो, आणि पिणाऱ्याकडून शपथही घेतली जाते. शपथेविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु पिणारे सर्व सारखे नसतात. त्यांच्यांत असेही कित्येक असतात कीं, त्यांस शपथ घालून त्याच रात्रीं दारू तोडावयास लावणें म्हणजे त्यांच्या जिवाशीं खेळणें होय. ते कोणते, हें आमच्या उपदेशक बंधूंस ओळखतां आलें पाहिजे.

सणासुदीस किंवा बाजाराच्या दिवशीं पिऊन येणारा मनुष्य पैसा घालवितो, भांडतो, घरच्यांस छळतो. त्याला बोध करावाच. मनानें घेतल्यास तो थांबूं शकतो. पुढें कित्येकांची स्थिति पालटते. पूर्वीं एका पेल्यानें चढत असे तेथें तीन लागतात. एकच घेईन म्हणून बसतो, तो बाटली रिकामी झाल्यावांचून उठत नाहीं. पेरणीचे दिवस असोत कीं मुलीचें लग्न, दारू अगोदर आणि बाकी सर्व मागाहून. पण सर्वांत मोठें चिन्ह सकाळीं दिसतें. उठतांच हात कांपतात, चहाची बशी ओठांशीं नीट नेतां येत नाहीं, घाम सुटतो, ओकारी येते. आणि दोन घोट पोटांत गेले कीं हें सर्व शांत होतें. ह्यास पिणारे लोक 'उतारा' म्हणतात. ह्या एका शब्दाकडे उपदेशकानें जितकें लक्ष द्यावें तितकें थोडें. संध्याकाळची दारू मौजेची असूं शकेल. उतारा मौजेचा नसतो. शरीर दारूवर विसंबून राहिलें आहे व ती न मिळाल्यास तें बंड करितें, असा त्याचा अर्थ आहे.

किती पितां, असें विचारून खरें उत्तर क्वचितच मिळतें. अमेरिकेंतील डॉ. जॉन युइंग यांनीं १९८४ सालीं चार साधे प्रश्न प्रसिद्ध केले. त्यांत मापाचा उल्लेखच नाहीं. दारू कमी करावी असें तुम्हांस कधीं वाटलें काय? कोणी त्याविषयीं बोललें म्हणजे राग येतो काय? पिण्याबद्दल मनाला टोंचणी लागते काय? सकाळीं उठतांच अंग स्थिर होण्यासाठीं घेतां काय? दोहोंस होकार आला कीं रोगाची शंका धरावी व त्या मनुष्यास डॉक्टरांकडे न्यावें. हे प्रश्न एकांतांत विचारावे. चावडीवर किंवा उपासनेनंतर चारचौघांत विचारल्यास चारही उत्तरें नकाराचींच येतील. त्याच्या बायकोसही वेगळें विचारावें. मात्र तिनें सांगितलें असें नवऱ्यास कळूं देऊं नये. त्याची किंमत तिला रात्रीं द्यावी लागते.

आतां शपथेकडे वळूं. रोज भरपूर पिणाऱ्यानें दारू एकाएकीं तोडली कीं, सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, निद्रानाश व घाबरेपणा सुरू होतो. कित्येकांस पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येतात. दुसऱ्या ते चवथ्या दिवसाच्या सुमारास कोणाकोणास वात होतो. अंगावर किडे चालतांना दिसतात, भिंतींतून माणसें येतात, आपण कोठें आहों ह्याचें भान राहत नाहीं, अंग तापतें, नाडी धांवते. गांवचे लोक म्हणतात, भूत लागलें. आणि भगताकडे नेतात. आमच्याही लोकांत अशा मनुष्यास खोलींत कोंडून रात्रभर प्रार्थना करणारे आहेत. प्रार्थना अवश्य करावी, पण ती गाडींत बसून, रुग्णालयाच्या वाटेवर करावी. उपचारावांचून हा वात प्राण घेतो. वेळीं उपचार झाल्यास बहुतेक जण वांचतात.

म्हणून ज्यास उतारा लागतो, त्यानें प्रथम डॉक्टरांकडे जावें व शपथ मागाहून घ्यावी. आणि डॉक्टरांची गांठ पडेपर्यंत कोणीं त्याची दारू बळेंच तोडूं नये. हें वाचून कांहीं वाचक दचकतील, तथापि आम्ही विचारपूर्वक लिहीत आहों. डॉक्टर कंप व झटके आवरणारें औषध मोजून देतात आणि दिवसेंदिवस कमी करीत आणितात. थायमिन नांवाचें जीवनसत्त्वही देतात. दारुड्याच्या शरीरांत त्याची तूट असते, आणि ती तशीच राहिल्यास स्मृति कायमची जाऊं शकते.

भिंतींवर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती दिसतात. त्यांपासून बहिणींनीं सावध असावें. डायसल्फिराम नांवाची एक गोळी आहे. ती पिणाऱ्यानें स्वतः समजून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घ्यावयाची असते. ती पोटांत असतां दारू प्याल्यास तोंड लाल होतें, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, व मृत्यूही येऊं शकतो. कालवणांत मिसळण्याची ती वस्तु नव्हे.

केंद्र सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, दारूच्या आधीन झालेल्या अडतीस जणांपैकीं एकासच कांहीं उपचार मिळाला होता. उपचाराचीं ठिकाणें मात्र आहेत. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं काढलेलें मुक्तांगण आहे. १४४४६ ह्या क्रमांकावर व्यसनाविषयीं, आणि १४४१६ वर मनाच्या आजाराविषयीं, फुकट सल्ला मिळतो. उपदेशकानें हे आंकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

उपचार घेऊन आलेला मनुष्य पुन्हा प्याल्याची बातमी पुष्कळदां येते. हा रोग उलटणारा आहे. पंचांनीं त्याचें नांव लागलेंच यादींतून काढण्याची घाई करूं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्या घरीं जावें, त्याचे हात पाहावे, आणि ते कांपत असल्यास पहिल्या गाडीनें त्यास पुन्हा घेऊन जावें.