अनोळखी माणसांकडे बघताना

परळ, मुंबई

चि. मुक्ता हिस,


तू पाठवलेली वही सावकाश वाचून काढली. मुंबईत येऊन तुझा जेमतेम एक पावसाळा झाला, तेवढ्यात तुझ्या डोळ्यांनी बरंच टिपलं. खिडकीची जागा रिकामी ठेवून कडेला बसणारे गृहस्थ आणि भायखळ्याला बस अडकलेली असताना फोनवर ‘अरे, दादरला पोचलोच’ म्हणून ठणकावून सांगणारा मुलगा, दोघंही छान उतरलेत. मामीला मोठ्याने वाचून दाखवलं, तीही खूप हसली. तुला लिहिता येतं, यात मला शंका नाही. म्हणूनच हे पत्र जरा लांबलं तरी पुरतं वाच.

माझी उभी नोकरी बेस्टमध्ये कंडक्टरकी करण्यात गेली. त्या नोकरीत समोर येतं ते माणूस अनोळखीच असतं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी माणसांचे हात बघायला शीक. चेहऱ्यावर माणूस काहीबाही पांघरतो, हातांकडे त्याचं स्वतःचंही लक्ष नसतं. तिकीट हातात पडल्यावर तो त्याचं काय करतो, एवढंच बघ. हल्ली मोबाइलवर तिकीट निघतं, पण मशिनमधून निघणारं पातळ कागदी तिकीट घेणारेही आहेत. कुणी ते घड्याळाच्या पट्ट्यात खोचतं, कुणी अंगठीखाली सरकवतं. कॉलेजची मुलं मोबाइलच्या कव्हरमागे ठेवतात. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने दांडा पकडलेली बाई ते सरळ ओठांत धरते आणि कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवते. काहीजण घडीवर घडी घालत त्याची नखाएवढी गुंडाळी करतात. मग तपासनीस चढला की ती उलगडायला एक स्टॉप जातो, आणि तोवर तपासनीस बिचारा हात पुढे करून उभा. तू हे बघून हसशीलच, हस. पण तिकीट अंगठीत का जातं तेही बघ. उभ्याने प्रवास करणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात आणि तिकीट तर मागितल्याबरोबर दाखवायचं असतं. अंगठीखाली तिकीट खोचणारा माणूस बहुधा कधीतरी भर गर्दीत सगळे खिसे उलटे करून घामाघूम झालेला असतो.

तुझ्या वहीत मला नेमकं हेच कमी दिसलं. तू वागणं अचूक टिपतेस आणि तिथेच थांबतेस. आणखी थोडं थांबलीस तर त्या वागण्याचं कारण आपण होऊन पुढे येतं. कारण सापडलं म्हणून गंमत कमी होत नाही, उलट वाढते.

माझ्या सकाळच्या ड्यूटीवर एक म्हातारे गृहस्थ असायचे. पांढरा शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी. लालबागमध्ये भारतमाता थिएटरच्या आसपास गाडी आली की ते मनगट वर घ्यायचे, घड्याळाला चावी द्यायचे, मग ते कानाशी नेऊन ऐकायचे. रोज त्याच ठिकाणी. गाडी उशिरा असली तरी तिथेच. आमच्या ड्रायव्हरलाही त्याची मौज वाटायची. एकदा गाडीत गर्दी नव्हती, तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, “इथं पहिल्या पाळीचा भोंगा ऐकू यायचा.” 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले हे एक. गिरणी पुन्हा लागली नाही, ते फोर्टात वॉचमन झाले. घड्याळाला चावी द्यायची वेळ त्यांनी भोंग्यावर ठरवलेली होती. भोंगा थांबला, पण हाताने आपली सवय सोडली नाही. मी विचारलं नसतं तर ते माझ्याकरता घड्याळ कानाला लावणारे एक विक्षिप्त म्हातारेच राहिले असते.

तेव्हा विचारत जा. मुंबईचा माणूस घाईत असतो हे खरं, पण सरळ मनाने विचारलं की सांगतो. टिंगलीचा वास त्याला लगेच येतो.

आता तुझ्या रांगेबद्दल. बसस्टॉपवर दोनच माणसं असली तरी ती एकामागे एक उभी राहतात, याचं तुला हसू आलं. आपल्या संगमेश्वरच्या स्टँडवर एसटी लागली की काय होतं ते आठव. खिडकीतून रुमाल पडतो, टोपी पडते, कधी कधी चक्क पोरगं आत सोडलं जातं आणि त्याला बाहेरून हुकूम सुटतो, ‘आडवा पड रे!’ तिथल्या माणसाला इथली रांग चमत्कारिक वाटणारच. पण इथे एसटीसारखी तासातासाने गाडी नाही. ही गेली तर मागून दुसरी येते, म्हणून रांग धरणं परवडतं. शिवाय पूर्वी बऱ्याच स्टॉपवर रांगेसाठी लोखंडी कठडे असत, त्यात उभं राहून राहून पायांना वळण पडलं.

यातली खरी मजा तू टिपलेली नाहीस, ती मोठ्या सरीत दिसते. पाऊस आला की रांग मोडते. एकजण पानाच्या गादीच्या छपराखाली जातो, दोघी मेडिकलच्या पायरीवर चढतात, एक आजोबा झाडाखाली छत्री सावरत राहतात. बघणाऱ्याला वाटावं, रांग संपली. पण बस आली की सगळे बरोबर आपापल्या क्रमाने दाराशी येतात. मध्ये कुणी घुसलाच तर पायरीवरची बाई शांतपणे सांगते, “मी ह्यांच्या मागे आहे, तुम्ही माझ्या मागे.” रांग जमिनीवर नसली तरी सगळ्यांच्या डोक्यात असते. एकमेकांची नावंही माहीत नसलेल्या माणसांचा हा प्रामाणिकपणा मला या शहरातली फार मोठी गोष्ट वाटते. यावर तू दोन पानं लिहावीस अशी माझी इच्छा आहे.

जुन्या डबलडेकर तुला मिळाल्या नाहीत, याचं वाईट वाटतं. 1937 मध्ये त्या आल्या आणि 15 सप्टेंबर 2023 ला शेवटची रस्त्यावरून गेली. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा पकडायला केस पिकलेली, हातात ऑफिसची बॅग असलेली माणसं जिना धडधडत चढायची. जागा मिळाली की समोरच्या काचेतून रस्ता असा बघायची, जणू गाडी तेच चालवतायत. खाली उतरल्यावर पुन्हा साहेब.

आता ज्या गोष्टीसाठी मुद्दाम पत्र लिहायला बसलो, ती सांगतो. वहीबरोबर तू मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवलास. बसमध्ये एक बाई झोपलीय, तोंड उघडं, मान एकदा शेजारणीच्या खांद्यावर, एकदा खिडकीवर, आणि स्टॉप आल्यावर एकदम उठून तरातरा उतरते. तुझ्या मैत्रिणींना तो आवडला, असंही लिहिलंस. मुक्ता, मला तो आवडला नाही. त्या बाईचा चेहरा त्यात स्वच्छ दिसतो. तिच्या मुलाने तो बघितला तर? तिच्या ऑफिसात फिरला तर? जागी असती तर तिने पदर सावरला असता, तोंड फिरवलं असतं, ‘हे काय चाललंय’ म्हणून विचारलं असतं. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. गाडीत डोळा लागणं म्हणजे आजूबाजूच्या चाळीस-पन्नास माणसांवर विश्वास टाकणं आहे. तो विश्वास आपण राखायचा असतो.

आणि ती का झोपते, याचा विचार केलास? या शहरात पुष्कळ घरांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, आणि ती वेळ कित्येक ठिकाणी भल्या पहाटेची असते. पाणी भरायचं, डबे करायचे, मुलांना शाळेत पोचवायचं आणि मग बस पकडायची. दिवसभरात निवांत बसायला मिळतं ते बसमध्येच. तिला स्टॉप कसा कळतो, हे मात्र खरंच बघण्यासारखं आहे. मी अशा बायकांकडे पुष्कळ वर्षं पाहिलं. पुलाचा चढ लागला, गाडीने एखादं ठरलेलं वळण घेतलं, रोजच्या खड्ड्यात चाक आदळलं की डोळे उघडतात. रस्ता अंगात भिनलेला असतो. हे शब्दांत लिही, चेहरा न दाखवता. वाचणाऱ्याला ती बाई आपल्या घरातली वाटली पाहिजे.

आणखी एक खटकलं. दोन-तीन ठिकाणी तू माणसाच्या वागण्याआधी त्याचा प्रांत किंवा जात सांगितलीस. सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारा अमक्या मुलखाचा, मोठ्याने बोलणाऱ्या तमक्या समाजाच्या. ते शब्द खोड. रुपया-दोन रुपयांसाठी माझ्याशी हरेक बोलीत भांडण झालंय आणि हरेक बोलीत माणसांनी उतरताना ‘राहू द्या कंडक्टर, उद्या द्या’ असंही म्हटलंय. एका माणसाने जे केलं ते त्या एका माणसाचं म्हणून लिही. कुणाचं बोलणं मात्र जसंच्या तसं घे, त्याला पुस्तकी करू नकोस. गाडीतल्या गाडीत वही काढू नकोस, समोरची माणसं अवघडतात. खाली उतरल्यावर स्टॉपवर, जिन्यात, कुठेही चार ओळी लिहून ठेव. शक्यतो रोज एकाच वेळेची गाडी धर. माणसं ओळखीची होत गेली की त्यांच्यातला एखाद्या दिवशीचा फरक दिसायला लागतो.

रविवारी जेवायला ये, मामीने सुरमई आणायला सांगितली आहे. येताना नवी पानं आण. त्याआधी तो व्हिडिओ काढून टाक आणि ज्यांना पाठवलास त्यांनाही काढायला सांग. झालं की मला कळव.

तुझा,
मामा