दात आणि टूथ : एका शब्दाची दोन घरे

राज्यातील प्राथमिक शाळांत सन २००० पासून पहिलीतच इंग्रजी शिकविले जाते. मुलांचे दुधाचे दात पडू लागतात, त्याच सुमारास ‘टूथ’ हा शब्द त्यांच्या कानी येतो. तो परका वाटतो. परंतु ‘दात’ आणि ‘टूथ’ ही एकाच प्राचीन शब्दाची रूपे होत.

संस्कृतात ‘दन्त’, फारसीत ‘दंदान’; लॅटिन शब्दातही द आणि न आहेतच. जर्मानिक कुळातील भाषांत मात्र मूळ द चा ट झाला आणि त चा थ. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये हा नियम विस्ताराने मांडला. तो एका शब्दापुरता नाही : ‘दश’ आणि ‘टेन’, ‘द्वि’ आणि ‘टू’, ‘त्रि’ आणि ‘थ्री’ या जोड्या पाहाव्यात. जर्मन भाषेत ट पुढे त्स झाला व शब्द ‘त्सान’ असा उरला. फ्रिजियन लोक दाताला ‘तोस्क’ म्हणतात. त्याचाच भाऊ इंग्रजीत ‘टस्क’, म्हणजे सुळा.

‘टूथ’मधला न कोठे गेला? घर्षक थ पुढे आल्यामुळे इंग्रजीत तो लोपला आणि त्याच्या भरपाईने मागील स्वर दीर्घ झाला. नेमके हेच, इंग्रजीशी काही संबंध नसताना, मराठीत घडले : ‘दन्त’चे ‘दात’, ‘पञ्च’चे ‘पाच’, ‘कण्टक’चा ‘काटा’. हिंदीत ‘दाँत’ अजून नाकात उच्चारला जातो. जुन्या मराठी पुस्तकांतही ‘दांत’, ‘पांच’ असे छापलेले आढळते. उच्चारात नसलेला हा अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी काढून टाकला. ‘दंतमंजन’ थेट संस्कृतातून आल्याने त्यातील न शाबूत राहिला. त्यामुळे एकाच घरात दंतमंजनाने दात घासले जातात!

असा नियमितपणा वऱ्हाडी बोलीतही आहे. नांदगाव पेठेच्या शाळेतील मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणते, तेव्हा त्याची जीभ चुकत नसते; ‘शाया’, ‘काया’ या शब्दांतही ळ चा य त्याच रीतीने होतो. त्यास ‘अशुद्ध’ म्हणून टोकणे शास्त्राला धरून नाही, आणि टोकलेले मूल बहुधा पुढे बोलतच नाही. प्रमाण रूप फळ्यावर लिहून द्यावे, वाचून घ्यावे. त्यासाठी घरच्या शब्दाला हसण्याचे कारण नाही.

वरच्या वर्गांत एक पाठ घेता येईल. ‘दन्त’, ‘पञ्च’, ‘कण्टक’, ‘बन्ध’, ‘भाण्ड’, ‘चन्द्र’ हे शब्द फळ्यावर लिहून त्यांची मराठी रूपे मुलांकडून काढून घ्यावीत. ‘दात’, ‘पाच’, ‘काटा’ यांत अनुनासिक गेले; ‘बांध’, ‘भांडे’, ‘चांदणे’ यांत राहिले. अनुनासिकापुढे त, च, ट अशी कठोर व्यंजने कोठे आहेत आणि ध, ड, द अशी मृदू कोठे, एवढेच विचारावे. नियम मुलांनाच सापडू द्यावा.