गोधूम-असात्म्यता : सीलिॲक निदान निश्चित नसताना रुग्णाचे व्यवस्थापन

'पोळी खाल्ली की पोट फुगते, भाकरी खाल्ली की बरे वाटते' ही तक्रार आता आपल्या चिकित्सालयात नवी राहिलेली नाही. नवी पेठेसारख्या व्यापारी भागात सकाळी खारी-बटर, दुपारी डब्यातील पोळी आणि सायंकाळी पाव असा आहार घेणारा वर्ग मोठा आहे. त्यातील काही रुग्ण आपणहून गहू सोडून येतात, काहींचे रक्त तपासून 'सीलिॲक नाही' असे सांगितलेले असते, तर काहींची कोणतीच तपासणी झालेली नसते. नाव नसलेल्या या व्याधीसह रुग्णाला वर्षानुवर्षे जगावे लागते आणि घरात 'हे नवे फॅड आहे' हेही ऐकावे लागते. अशा रुग्णास वैद्याने व औषधनिर्मात्याने कसे साहाय्य करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तीन भिन्न अवस्था

गव्हाने होणारा त्रास एकाच प्रकारचा नसतो.

१) सीलिॲक व्याधी : गहू, यव व राय यांतील ग्लूटेन-वर्गीय प्रथिनांमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लघ्वंत्राच्या अंतस्त्वचेचा नाश करते. या व्याधीचे सविस्तर वर्णन सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये केले. गव्हाशी असलेला तिचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला व १९५० मध्ये प्रबंधरूपाने मांडला. भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री पाहणीत तिचे प्रमाण उत्तरेत सुमारे १.२ टक्के, तर दक्षिणेत सुमारे ०.१ टक्के आढळले.

२) गव्हाची ॲलर्जी : यात शीतपित्त, ओष्ठशोथ, श्वास ही लक्षणे अल्पकाळात उद्भवतात. क्वचित प्राणसंकटही ओढवते.

३) सीलिॲक नसलेली ग्लूटेन-संवेदनशीलता : यात आध्मान, उदरशूल, मलाची अनियमितता, शिरोगौरव व थकवा ही लक्षणे असतात, परंतु अंत्राचा नाश आढळत नाही. या अवस्थेचे निदान करणारी रक्ततपासणी आजही उपलब्ध नाही. पहिल्या दोन अवस्था वगळल्यावर आणि आहार-परीक्षेनंतरच हे नाव देता येते.

गहू बंद करण्यापूर्वी तपासणी

व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. ग्रहणीच्या रुग्णास पहिल्याच भेटीत 'गहू वर्ज्य' असे लिहून देण्याचा मोह होतो. परंतु गहू बंद केल्यावर काही आठवड्यांत प्रतिपिंडे उतरू लागतात, अंत्राची अंतस्त्वचा भरून येऊ लागते आणि तपासणी खोटी नकारात्मक येण्याचा संभव वाढतो. म्हणून रुग्ण गहू खात असतानाच टीटीजी-आयजीए व एकूण आयजीए या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. एकूण आयजीए मुळातच कमी असेल तर पहिल्या तपासणीवर विसंबता येत नाही. आवश्यक तेथे लघ्वंत्राच्या बायॉप्सीसाठी तज्ज्ञांकडे पाठवावे.

पांडू, वजन घटणे, रक्तयुक्त मल, रात्री झोपेतून उठवणारा अतिसार, ज्वर, बालकाची खुंटलेली वाढ, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, तसेच रुग्णास पहिल्या प्रकारचा मधुमेह असणे किंवा जवळच्या नातलगास सीलिॲक असणे, यांपैकी काहीही आढळल्यास केवळ आहारबदलावर थांबू नये. आपल्याकडे अंत्राचा क्षय व जिआर्डियाचा संसर्ग हेही याच रूपात समोर येतात.

रुग्णाने गहू आधीच सोडला असेल तर दोन मार्ग उरतात. पहिला, वैद्यकीय देखरेखीखाली रोज साधारण दोन पोळ्या सहा ते आठ आठवडे देऊन मग तपासणी करणे. दुसरा, एचएलए डीक्यू२ व डीक्यू८ ही जनुकीय तपासणी. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. ती नकारात्मक असल्यास सीलिॲक जवळजवळ निश्चितपणे वगळता येते. सकारात्मक आल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी लोकांपैकीही सुमारे तृतीयांश लोकांत ही जनुके असतात. जो रुग्ण पुन्हा गहू खाण्यास तयार नाही आणि ज्याची जनुकीय तपासणी सकारात्मक आहे किंवा झालेलीच नाही, त्याने सीलिॲक असल्याप्रमाणेच कडक पथ्य पाळणे हितकर.

उपशय-अनुपशय : आपले निदानसाधन

निदानपंचकातील उपशय हे साधन येथे अत्यंत उपयुक्त आहे, परंतु ते शिस्तीने वापरले पाहिजे. एकादशीला बरे वाटते म्हणून गहूच दोषी, असा निष्कर्ष अनेक रुग्ण काढतात. मात्र उपवासाच्या दिवशी गव्हाबरोबर कांदा-लसूणही सुटतो. गहू, कांदा व लसूण या तिन्हींत फ्रुक्टन नावाची आंबणारी शर्करामालिका असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात स्वतःला ग्लूटेन-संवेदनशील समजणाऱ्या ५९ व्यक्तींना ग्लूटेन, फ्रुक्टन व दोन्ही नसलेला पदार्थ न सांगता आळीपाळीने दिला. सर्वाधिक त्रास फ्रुक्टनने झाला. ग्लूटेन व रिक्त पदार्थ यांत लक्षणीय फरक आढळला नाही. रुग्णाचा त्रास खोटा नव्हता, त्याचे कारण वेगळे होते.

म्हणून परीक्षेचा क्रम असा ठेवावा :

१) मुख्य तीन लक्षणे निवडून रुग्णाने त्यांना रोज शून्य ते दहा असे गुण द्यावेत. प्रथम एक आठवडा नेहमीच्या आहारावर नोंद ठेवावी.

२) सहा आठवडे गहू पूर्ण बंद करावा, कांदा-लसूण पूर्ववत ठेवावा. त्या काळात नवे औषध सुरू करू नये, अन्यथा उपशय कशाचा हे कळत नाही.

३) लक्षणे सुमारे ३० टक्के वा अधिक उणावली तरच पुढे जावे. फरक नसल्यास गहू पुन्हा सुरू करून कांदा-लसणाची स्वतंत्र परीक्षा करावी.

४) उपशय मिळाल्यास एक आठवडा गहू, एक आठवडा विराम, पुन्हा एक आठवडा गहू असा क्रम द्यावा. ग्लूटेनच दोषी आहे का हे पाहायचे असल्यास फार्मसीने ग्लूटेन व तांदळाचे पीठ यांच्या केवळ खुणेच्या पुड्या बांधून द्याव्यात आणि त्या डाळीच्या घावनात मिसळून घेण्यास सांगावे. ॲलर्जी वा सीलिॲकची शंका असलेल्या रुग्णात हा प्रयोग करू नये.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठ आहारविधिविशेषायतनांपैकी करण व राशी यांचाही येथे विचार व्हावा. गोधूम गुरु, स्निग्ध व बृंहण आहे. मंदाग्नी असता मैद्याचे पदार्थ अधिक राशीत बाधतात, तर एखादी पोळी सहन होते, असेही आढळते.

पथ्य : सोलापूरचे सात्म्य

या बाबतीत आपला जिल्हा सुदैवी आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीत ग्लूटेन नसते आणि येथील रुग्णास ती देशसात्म्य आहे. भाकरी, कण्या, लाह्या, आमटी, शेंगाचटणी, ताक हा आहार परका नाही व महागही नाही. तांदूळ, बाजरी, नाचणी, राजगिरा, शिंगाडा चालतात. ज्वारी रुक्ष असल्याने तूप व डाळीची जोड द्यावी.

येथे पुढील सूचना आवश्यक आहेत :

• खपली गहू ग्लूटेनमुक्त नाही. रवा, शेवया, दलिया व सातूही वर्ज्यच.

• थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. विकतच्या भाजणीची चौकशी करावी.

• गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळल्यास पिठात गहू मिसळतो. सीलिॲक वा तशी शंका असल्यास घरगुती गिरणी वापरावी. केवळ संवेदनशीलता असल्यास ज्वारीमागून ज्वारी दळून घेणे बहुधा पुरते.

औषधनिर्मात्यांसाठी

बाजारातील बांधानी हिंगात डिंकाबरोबर मैदा वा तांदळाचे पीठ असते. म्हणजे ग्रहणीसाठी आपण ताकातून दिलेल्या हिंग्वाष्टकातूनच गहू रुग्णाच्या पोटात जाऊ शकतो. शुद्ध हिंग किंवा तांदळाच्या पिठाचा हिंग वापरून तसे वेष्टनावर छापावे. वटीतील बंधकद्रव्य कोणत्या धान्याच्या स्टार्चचे आहे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. अगस्त्य हरीतकीत यव आहे. सौवीर व तुषोदक ही यवापासूनच होतात. यवक्षार भस्मापासून होत असल्याने त्यात प्रथिन उरत नाही. धान्वंतर तैलाचा बाह्य उपयोग अंत्रास बाधक नाही. अन्नपदार्थावर 'ग्लूटेनमुक्त' लिहिण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. औषधास हा अन्ननियम लागू नाही, म्हणूनच आपली जबाबदारी अधिक आहे.

चिकित्सा व समुपदेशन

गहू सोडला म्हणजे चिकित्सा संपली असे नव्हे. ग्रहणीचिकित्सेनुसार दीपन-पाचन, तक्रप्रयोग व पेयादि क्रम बलानुसार योजावा. हिमोग्लोबिन व बी-१२ पाहावे. संवेदनशीलतेत आजन्म वर्ज्यता सिद्ध झालेली नाही. सहा महिने ते वर्षाने अग्निबल पाहून अल्प राशीत पुन्हा परीक्षा करावी. सीलिॲकमध्ये मात्र अशी सूट कधीही देऊ नये.

रुग्णासोबत घरातील स्वयंपाक पाहणाऱ्या व्यक्तीसही बोलवावे. सून जेवताना पोळी नाकारते तेव्हा तो नखरा नसून परीक्षेत सिद्ध झालेले असात्म्य आहे, हे वैद्याने सासूबाईंसमोर सांगितले की घरातील निम्मा ताण उतरतो. त्यासाठी आपल्या नोंदवहीत सिद्धता असली पाहिजे.

सारांश, आधी तपासणी, मग परीक्षा, त्यानंतर पथ्य आणि ठरावीक काळाने पुनर्विचार हा क्रम ढळू देऊ नये. निश्चित नाव मिळाले नाही तरी रुग्णास निश्चित मार्ग देणे आपल्या हाती आहे.