वेशीवरचा पहारा आणि महार पलटणी

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभासमोर उभे राहिलो म्हणजे आमचे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात, “सर, इतके शौर्य गाजवूनही आपल्या लोकांना सैन्यातून का काढले?” गणेशपुरीला परततानाही तो प्रश्न आमची पाठ सोडत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर येथे मांडत आहोत.

पहारा हे महारांचे परंपरागत काम होते. वेसकर म्हणून महाराने गावाची वेस राखली, किल्ल्यांवर चौक्या सांभाळल्या. मात्र रात्री वेशीवर जागणाऱ्या या माणसाचे घर गावकुसाबाहेरच राहिले. ज्याच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपे, त्याचाच गावाला विटाळ होई.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महारांना शिपाई म्हणून पगार आणि हुद्दा मिळाला. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण कोरेगावात पेशव्यांच्या सैन्याशी लढली. स्तंभावरील ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी नावे त्या लढ्यातील महार शिपायांची साक्ष देतात.

परंतु आमच्या मते छावणीची सर्वांत मोठी देणगी बंदूक नव्हती. ती होती पाटी. शिपायांच्या मुलामुलींसाठी छावणीत शाळा असत. सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीतच बाबासाहेबांचा जन्म झाला. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला प्रश्न केले.

याच सुमारास सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढाऊ जाती’चा सिद्धान्त बळावला. पलटणी जातवार रचल्या जाऊ लागल्या आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. शौर्यात उणीव आढळली म्हणून नव्हे, तर साम्राज्याचा हिशेब बदलला म्हणून! ज्या सवर्ण शिपायांना महार सुभेदाराला सलाम करणे जड जाई, त्यांची सोय सरकारला अधिक मोलाची वाटली.

पुढे अर्जांचा काळ आला. वलंगकरांच्या मंडळीने १८९४ मध्ये अर्ज सिद्ध केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासताच १९१७ मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, आणि १९२१ मध्ये ती मोडलीही!

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा निकड निर्माण झाली. १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या बाबासाहेबांनी हा प्रश्न नेटाने लावून धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण स्थापन झाली. पुढे दुसरी कामठीला उभी राहिली. १९४२ मध्ये बेळगावातच उभी झालेली २५ वी पलटण तर खास ठाण्यांच्या बंदोबस्तासाठी होती. काही पलटणी वायव्य सरहद्दीवर गेल्या, दुसरी ब्रह्मदेशात पोहोचली, तर २५ वीने देशातच पहारा दिला. वेसकराचे जुनेच काम ते. पण आता अंगावर स्वतःच्या नावाच्या रेजिमेंटचा गणवेश होता.

विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर या क्रमातच आहे. सरकारच्या गरजेतून मिळालेली जागा गरज सरताच जाते. म्हणूनच बाबासाहेब रेजिमेंटवर थांबले नाहीत. सार्वजनिक नोकरीतील समान संधी राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदात हक्क म्हणून नोंदली गेली, आणि १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. अर्जदाराचा नागरिक झाला तो असा.

पलटण मोडता आली. छावणीच्या शाळेत गिरवलेली अक्षरे मात्र कोणालाही परत घेता आली नाहीत. निवासी शाळा चालवताना आम्ही हेच ध्यानी ठेवतो. माजी विद्यार्थी व पालकांना एकच विनंती : घरात आजोबा-पणजोबांचे पदक, पेन्शनचा कागद किंवा जुने छायाचित्र असेल तर ते जपावे, त्यामागची हकिगत मुलांकडून लिहून घ्यावी. स्तंभावर कोरलेली नावे मोजकीच आहेत. उरलेली आपल्याच ट्रंकांत आहेत.

जय भीम!